आज ऊन आहे, ऑर्डर घेतो

होळी होऊन गेली की इंदिरानगरच्या गच्च्यांवर जुन्या साड्या दिसायला लागतात. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतींच्या गच्च्या सरळ दिसतात. साडीच्या कडेला विटांची वजनं, मधे पांढऱ्या कुरडयांच्या रांगा आणि टाकीच्या सावलीत बसून कावळ्यांवर डोळा ठेवणारं कुणीतरी. उन्हं जरा वर आली की चिकाचा वास येतो. भिजून आंबलेल्या गव्हाचा तो शिजतानाचा वास ज्याला आवडत नाही तो खिडकी लावून घेतो आणि ज्याला आवडतो तो वाटी घेऊन उभा राहतो. मी वाटीवाल्यांपैकी आहे.

याच दिवसांत माझा फोन रोज सकाळी एकदा किणकिणतो. 'आज ऊन आहे', एवढाच निरोप असतो. मीच बनवलेली एक वेबसाइट तो मला पाठवते. आज सकाळी यंदाचा पहिला आला. मी चहा ओट्यावर ठेवून खिडकीशी गेले, खरंच ऊन पडलंय का ते बघायला. पडलं होतं. समोरच्या गच्चीवर एक गुलाबी साडी अंथरली जात होती, आणि मला तो पहिला हंगाम आठवला. माझा पहिला आणि मंदाताईंचाही.

मी वेबसाइटी बनवते आणि सांभाळते. दुकानदार, नर्सरीवाले, क्लासवाले, ड्रायव्हिंग स्कूल अशी माझी गिऱ्हाइकं. बनवणं त्यातल्या त्यात सोपं. सांभाळायला मात्र आईचं काळीज आणि तलाठ्याची चिकाटी लागते. 'मॅडम, वेबसाइट बंद पडली' म्हणून घाबराघुबरा फोन येतो, आणि बघावं तर त्यांचं वायफायचं रिचार्ज संपलेलं असतं. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असतो आणि जानेवारीत कॅलेंडर बदललेलं असतं. एका हार्डवेअरवाल्या काकांनी साइट सुरू करताना नारळ आणला होता. 'लॅपटॉपवर नको, लॅपटॉपवर नको' म्हणून मी ओरडले तेव्हा कुठे त्यांनी तो दुकानाच्या उंबऱ्यावर फोडला. मग पडद्याला हळदीकुंकू लावलं. ते कुंकू पुसताना मला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं. कुणाला तरी हे खरोखरचं दुकान वाटतंय, याचं बरं वाटत होतं.

त्याआधी मी कॉलेज रोडवरच्या एका कंपनीत होते. तिथे मी बनवलेल्या प्रत्येक साइटच्या तळाशी कंपनीचं नाव जायचं. नियमच तो, त्यात कुणाचं चुकत नव्हतं. पण आपण जागून जुळवलेले रंग, घासूनपुसून केलेली मांडणी दुसऱ्याच्या नावाने मिरवताना पाहवायची नाही. घरी बोलले तर पप्पा हसले. पप्पांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली.

"मी आयुष्यभर विमानं जोडली," ते म्हणाले, "एकावर तरी पगारे लिहिलंय का? आकाशात गेलं ना ते? बस."

पप्पांचं समाधान मोठं आहे. माझं तेवढं नव्हतं. मी नोकरी सोडली.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या मंदाताईंनीही त्यांची नोकरी सोडली. म्हणजे नोकरी म्हणायची एवढंच. मंदाताईंचं माहेर विंचूरचं. लग्न होऊन नाशकात आल्यापासून त्या वाळवण करत होत्या. कुरडया, नागलीचे पापड, शेवया. सोबत शेजारच्या शकुंतलाकाकू आणि वरच्या मजल्यावरची रेखा. गव्हापासून सगळं त्यांनी करायचं, पिशव्या मात्र जुन्या नाशकातल्या एका व्यापाऱ्याच्या. पिशवीवर त्याचं नाव, 'घरगुती' असा शिक्का आणि नथ घातलेल्या एका बाईचं चित्र. ती बाई वर्षानुवर्षं हसत होती. ती कोण, हे तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आमी केलं आन् ही हसून राहिली," शकुंतलाकाकू म्हणायच्या.

मंदाताईंनी त्याला सांगितलं की यंदापासून आम्ही आमच्या नावाने विकणार. तो रागावला नाही. एक हंगाम करून बघा म्हणाला. जमलं नाही तर या परत, पण मग अटी माझ्या. मंदाताईंनी हे मला त्यांच्या जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "हा एक हंगाम निभला पायजे बघ स्वाती. नायतर खाली मान घालून त्याच पिशव्या भरायच्या." मी म्हटलं, मी वेबसाइट करून देते. त्यांनी विचारलं, त्यानं काय होतं? मी बरंच काही सांगितलं. आता आठवलं तरी लाज वाटावी इतकं सांगितलं.

साइट सुंदर झाली होती, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. गच्चीवरचेच फोटो, साडीच्या काठांचे रंग, मोठी अक्षरं. वर नाव: मंदाताईंचं वाळवण. ऑर्डर यायला लागल्या. पुण्याहून, ठाण्याहून, एकदा तर बेंगळुरूहून. मंदाताई फोन हातात धरून प्रत्येक ऑर्डर मोठ्याने वाचायच्या आणि बाकीच्या दोघी सोऱ्या दाबत ऐकायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. चेहरा काळजीचा होता.

"हे दुकान बंद कसं करायचं गं?"

"बंद? ताई, हे बंद होत नसतं. चोवीस तास चालू."

"मग आमी झोपायचं कधी?"

मला हसू आलं. मग मी नीट समजावायला बसले, की ऑर्डर येऊ द्यायच्या, माल सावकाश पाठवायचा, लोकांना सवय असते, आमच्या धंद्यात दार कधी लावत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझं दार नसंल लावत," त्या म्हणाल्या, "पण माजं दुकान वर हाय ना, आभाळात. ऊन नाय तर माल नाय. मग उगंच घेतो घेतो कशाला म्हनायचं?"

घरी येऊन मी बराच वेळ धुसफुसले. शिकलेलं सगळं याच्या उलट होतं. पण त्यांचं म्हणणं डोक्यातून जाईना, आणि दुसऱ्या दिवशी मी एक बटण बनवलं. मंदाताईंच्या फोनवर एक पिवळा सूर्य. सकाळी गच्चीवर जायचं, आभाळ बघायचं, बादलीतल्या गव्हात बोट बुडवून बघायचं, आणि जमत असेल तर सूर्य दाबायचा. साइटवर अक्षरं यायची, 'आज ऊन आहे. ऑर्डर घेतो.' परत दाबला की, 'आज ऊन नाही. ऑर्डर घेत नाही.' इतकंच. त्यानंतर मी कितीतरी अवघड कामं केली आहेत, पण माझं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी तो सूर्य दाखवते.

मंदाताईंनी तो मनापासून वापरला. विंचूरहून भावाचा फोन आला की इकडं आभाळ आलंय, तर सूर्य बंद. शकुंतलाकाकूंच्या घरी पाहुणे, सूर्य बंद. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, आमच्या कॉलनीची मिरवणूक असते. मी निळी साडी नेसून निघाले होते, तेवढ्यात फोन किणकिणला. सूर्याखाली मी एक रिकामी ओळ ठेवली होती, त्यात त्यांनी स्वतःच टाइप करून टाकलं होतं, 'आज जयंती. उद्या ऊन.' त्या दिवशी संध्याकाळी तिघीही मिरवणूक बघायला रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, आणि रेखा तर लेझीमच्या मागे मागे चौकापर्यंत आली.

मग अवकाळी पाऊस आला. त्याची आठवण अंगातून जात नाही. दुपारपर्यंत आभाळ लख्ख होतं. सगळी गच्ची भरलेली होती, कारण रुखवताची ऑर्डर होती, चिंचवडच्या एका वधूच्या आईची. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या कुरडया, पोरीच्या लग्नात मांडायला. मंदाताईंनी रंग हात राखून घातला होता, भडक दिसू नये म्हणून. वारा सुटला तेव्हा मी खाली त्यांच्या ओसरीत लॅपटॉप घेऊन बसले होते. वरून रेखाची हाक आली आणि मी धावले. साड्या उडत होत्या, विटा घरंगळत होत्या, आणि आम्ही चौघी मिळून जे हाताला येईल ते गोळा करत होतो. अर्धवट वाळलेली कुरडई हातात घेतली की मोडते आणि नाही घेतली तर भिजते. थेंब टपोरे होते. आम्ही जिन्यात आलो तेव्हा एका साडीवरचाही माल धड राहिला नव्हता. रंग एकमेकांत उतरले होते. शकुंतलाकाकू पायरीवर बसून पदराने तोंड पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच. भिजलेल्या कुरडयांना आंबूस वास सुटला होता. मी सकाळीच गेले. मंदाताई ओसरीत बसल्या होत्या आणि त्यांच्या फोनवर तो व्यापारी बोलत होता. आवाज मोठा होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"माझ्याकडं तयार माल पडलाय मंदाबाई. मशीनचा हाय, पन एक नंबर. तुमच्या पिशवीत भरा आन् द्या पाठवून. कोन बघतंय?"

"सांगते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मनातलं सांगायचं तर मला त्याचं बोलणं पटलं होतं. निदान अर्धं तरी. मी म्हटलं, "ताई, त्याचा माल घेऊ नका, पण साइट तरी चालू ठेवा. एकदा लोक बंद दार बघून गेले ना, की परत येत नाहीत. हंगाम केवढासा राहिलाय. सगळं बुडेल."

रेखा माझ्याकडे बघत होती. तिलाही तेच वाटत होतं. त्या लग्नघरी काय सांगायचं, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता.

मंदाताईंनी सूर्य दाबला. मग मला म्हणाल्या, "आता खाली मी सांगते ते लिही. आन् वरचा फोटो काढ, भिजलेल्याचा. तोच लाव."

मी म्हटलं फोटो नको. त्या म्हणाल्या, लाव. मी चांगली वाक्यं जुळवायला घेतली, 'अपरिहार्य कारणास्तव' वगैरे. त्यांनी हातानेच थांबवलं आणि सांगितलं, आणि मी लिहिलं:

'पाऊस आला. माल भिजला. भिजलेला आम्ही पाठवत नाही. दुसऱ्याचा पण पाठवत नाही. ऊन पडलं की परत करू.'

ज्या साइटवर मी एवढे रंग जुळवले होते, तिच्या दारातच आता चिखल झालेल्या कुरडयांचा फोटो होता. चिंचवडच्या बाईंना मंदाताईंनी स्वतः फोन केला. त्या भल्या होत्या, पण लग्नाची तारीख काही थांबत नाही. त्यांनी दुसरीकडून घेतलं. फोन ठेवल्यावर मंदाताई नुसत्या आपले रंग लागलेले तळहात बघत राहिल्या. आणखीही काही ऑर्डर गेल्या. त्या दिवसांत मला वाटायचं की मी यांना या खड्ड्यात उतरवलं आणि आता दोर माझ्याकडेही नाही.

साइट सांभाळणाऱ्याला एक गोष्ट दिसते जी दुकानदाराला दिसत नाही. कोण येऊन गेलं, ते. आभाळ दाटलेलंच होतं, आणि मी रोज धास्तीने बघायची. लोक येत होते. काही विकत घेता येत नाही हे माहीत असूनही येत होते, ती पाच वाक्यं वाचत होते आणि जात होते. दुसऱ्या दिवशी परत येत होते. मग निरोप यायला लागले. 'ऊन पडलं का?' 'आमची घाई नाही, सावकाश करा.' 'काकूंना सांगा, आईच्या हातच्या अशाच भिजल्या होत्या एकदा.' कॅनडाला गेलेल्या एका मुलीने तिच्या खिडकीतल्या बर्फाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आमच्याकडेपण नाही. मी हे सगळं मंदाताईंना वाचून दाखवलं. एक निरोप त्यांनी दोनदा वाचायला लावला. मला आजवर गिऱ्हाइकांनी बऱ्याचदा शाबासकी दिली आहे, पण त्या ओसरीत, ते वाचताना, आपण हे बनवलंय याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

ऊन पडलं ते एकदम कडकडीत. सूर्य चालू झाला आणि दुपारपर्यंत इतक्या ऑर्डर आल्या की मंदाताईंनी परत बंद केला. पुढचे दिवस सणासारखे गेले. पातेल्यात चीक रटरटायचा, काकू वरून मोठा लाकडी चाटू फिरवायच्या, घामाने सगळ्यांचे चेहरे चकाकायचे. रेखाचं मनगट सुजलं होतं. मी फोटो काढायला वर गेले होते तर मंदाताईंनी माझ्या हातात सोऱ्याच दिला. "फोटो मागून काढ. चीक गार झाला तर पडत नाय." मी दाबला. पहिल्या कुरडया इतक्या वेड्यावाकड्या पडल्या की काकूंनी त्या बाजूला ठेवून घरच्यांसाठी म्हणून सांगितलं. नंतर हात बसला. संध्याकाळी खांदे भरून आले होते आणि साडीवर आडव्या चार रांगा माझ्या होत्या. पप्पांना मी गच्चीवर आणून त्या दाखवल्या. पप्पांनी चष्मा लावून त्या तपासल्या, कारखान्यात तपासत असतील तशाच, आणि मान हलवली.

वैशाख संपत आला. आता वळवाचे ढग रोजच यायला लागले आणि वाळवण आवरलं. व्यापाऱ्याचा परत फोन आला नाही, आणि मंदाताईंनीही केला नाही. हंगाम निभला होता. वर्षभरासाठी सूर्य बंद करायचा दिवस आला तेव्हा आम्ही चौघी ओसरीत बसलो होतो, समोर तळलेली कुरडई आणि चहा. मंदाताई म्हणाल्या, साइटवर बनवणाऱ्यांची नावं टाकायची. नुसतं मंदाताईंचं वाळवण बरोबर नाही, तिघींनी केलंय. पूर्ण नावं टाक, आडनावासकट. मी लॅपटॉप उघडला. मंदा शिंदे. शकुंतला बोरसे. रेखा जाधव. काकूंनी आपलं नाव पडद्याजवळ जाऊन बघितलं, आणि मी पान चालू करायला गेले.

"आन् तुजं?"

"माझं खाली असतं ना ताई. वेबसाइट कुणी केली, ते अगदी तळाला, बारीक अक्षरात."

"तळाला कशापायी? चिकाला हात लावलाय ना तू? वर घे. आमच्यासंगं."

मी हात कीबोर्डवरून काढला. मी लहान असताना आईने घरून डबे द्यायला सुरुवात केली होती. चांगली चव, वेळेवर डबा, लोक खूश होते. एका घरी आडनाव विचारलं. आईने सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून डबा नको म्हणून निरोप आला, मग शेजारच्या घरातूनही आला, आणि आईने ते डबे घासून माळ्यावर टाकले. खाण्याच्या वस्तूवर आमचं आडनाव पडलं की काही माणसं काय करतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या तिघींचं नाव आत्ता कुठे उभं राहिलं होतं. माझ्यापायी ते पडलं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं. मी हे सगळं त्यांना सांगितलं, आडपडदा न ठेवता. आईचं पण सांगितलं.

रेखाने चहाचा कप खाली ठेवला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग मंदाताईंकडे.

मंदाताईंना विचार करायला फार वेळ लागला नाही. "ज्याला नको तो नाय घेनार," त्या म्हणाल्या. "ऊन नव्हतं तवा बी गेलेच की कितीतरी. राहिले त्येच आपले. लिही."

"ताई, खरंच विचार करा."

"आगं, खोटं न्हाय लिवायचं म्हनून एवढं सगळं केलं. आता चौघींनी केलं आन् तिघींचं लिवायचं? आडनावासकट लिही. आमचं लिवलंस तसंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

मी रेखाच्या नावाखाली लिहिलं, स्वाती पगारे, आणि पान चालू केलं.